अर्थसीतलं खरं नाव आणि आपलं पाळण्यातलं नाव

सातबेटकर | शनिवार, रात्री ११.२०

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या परळच्या चाळीत मी रोज संध्याकाळी गॅलरीत पोरं जमवून तासभर गोष्ट वाचतो. नऊ ते तेरा वयाची सात-आठ टाळकी. यंदा घेतली लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. प्रत फोर्टातल्या फुटपाथवरची, कव्हर सुटलेलं, आधीच्या मालकाने पेन्सिलीने जागोजागी रेघोट्या मारलेल्या. डोळ्यांसमोर इंग्रजी आणि तोंडातून मराठी, असा सगळा कारभार. त्यामुळे रोज कुठल्या तरी शब्दावर गाडी अडते, आणि अडली की पोरं फाटे फोडतात. नावावरूनच सुरुवात झाली. फळ्यावर 'अर्थसी' लिहिलं तर एक जण म्हणाला, "म्हणजे अर्थाचा समुद्र?" इंग्रजीत 'अर्थ' म्हणजे पृथ्वी रे बाबा, असं मी सांगितलं खरं, पण पुस्तक संपत आलं तसं वाटायला लागलं की पोरगा माझ्यापेक्षा बरोबर होता.

(पुढे शेवटासकट सगळं फोडलंय. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच उतरा.)

कादंबरी १९६८ सालची. बर्कलीच्या एका छोट्या प्रकाशकाने बाईंना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. त्यांना प्रश्न पडला की गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का? दाढी उगवण्याआधी ते कोण होते, शिकले कुठे? त्यातून हा पोरगा आला. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या कासाराचा मुलगा. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेली. तिने ठेवलेलं नाव डनी. मावशी गावातली चेटकीण. ती शेळ्यांना पुकारताना तोंडाने काहीतरी पुटपुटते, ते ह्याने ऐकून तसंच म्हटलं, आणि सगळ्या शेळ्या ह्याला चिकटून उभ्या राहिल्या, हलेचनात. इथे आमच्या गॅलरीत जो हशा पिकला तो पुढे कधी पिकला नाही, कारण पुस्तक नंतर गंभीर होत जातं. ओजियन नावाचा मितभाषी गुरू त्याला 'गेड' हे खरं नाव देतो. रोक बेटावरच्या शाळेत तो शिकायला जातो, जॅस्पर नावाच्या खवट पोराने डिवचलं म्हणून मेलेल्या राणीला बोलावून दाखवायला जातो, आणि तिच्यासोबत फटीतून एक काळं काहीतरी बाहेर पडतं. ती फट बुजवताना शाळेचा म्हातारा प्रमुख जिवानिशी जातो. मग अर्ध्याहून जास्त पुस्तकभर ते काळं ह्याच्या मागे, आणि शेवटी हा त्याच्या मागे.

ह्या जगात छडी फिरवून काही होत नाही. खड्याला, झाडाला, बोक्याला, माणसाला, प्रत्येकाला जुन्या भाषेतलं एक खरं नाव असतं. ते कळलं की ती वस्तू तुमच्या मुठीत. म्हणून रोकची पोरं एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या घोकतात. मध्यरात्री कागदावरची शाई आपोआप उडते, त्याच्या आत पाठ व्हायला हवं. (आमच्याकडच्या एका पोराने इथे दीर्घ श्वास सोडला.) माणसाचं खरं नाव त्याला स्वतःला, नाव देणाऱ्याला आणि फार तर एखाद्या जिवलगाला ठाऊक. बाकी जग वापरायच्या नावाने हाक मारतं. गेडचं वापरायचं नाव स्पॅरोहॉक, कारण लहानपणी हाक मारली की शिकारी पक्षी त्याच्या हातावर उतरत.

माझं म्हणणं असं, की हे इंग्रजी वाचकाला कल्पनारम्य वाटेल, आपल्याला ते घरचं आहे. आपल्याकडे जन्मनाव वेगळं, व्यवहारातलं वेगळं. बारशाला आत्या बाळाच्या कानात आधी 'कुर्रर्र' करते, नाव कानात सांगते, मग ते चारचौघांत जाहीर होतं. ओजियनही तेच करतो. पोरगा आर नदीच्या उगमाच्या गार पाण्यातून चालत पलीकडे येतो, गुरू त्याचा दंड धरतो आणि नाव कुजबुजतो. फक्त पाठीत धपाटे बसत नाहीत. आणि कोकणातली आमची आजी सांगायची, रात्री बाहेरून नाव घेऊन हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. का? तर नाव ज्याच्या तोंडी, त्याच्या हाती आपण. अर्थसीचं सगळं शास्त्र ह्या एका वाक्यात आहे.

अडलोय ते दोन शब्दांवर. 'विझर्ड'ला काय म्हणू? आणि त्या मागे लागलेल्या 'शॅडो'ला?

---

फास्ट_लोकल | शनिवार, रात्री ११.४५

लेख आवडला. पण जादूची शाळा, खवट पोरगा, तोंडावर व्रण... हे सगळं हॅरी पॉटरमध्ये वाचलंय ना आपण? पॉटर १९९७ चा. म्हणजे कुणी कुणाची कॉपी केली ते कळलंच.

---

निवांत_वाचक | रविवार, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

बारीक_टाइप | रविवार, सकाळी ९.३०

फास्ट_लोकल, ती काडी दर वर्षी कुणीतरी टाकतं, विझू द्या. निवासी शाळेच्या गोष्टी इंग्रजीत शंभर-दीडशे वर्षं आहेत. फरक बघायचा तर असा बघा, की पॉटरमध्ये वाईट माणूस बाहेर आहे, त्याचं नाव घ्यायला लोक घाबरतात. इथे बाहेर कुणी नाहीच.

अवांतर: पॉटरच्या पहिल्या भागाला मराठीत 'परीस' केलंय. शब्द देखणा आहे. पण आपला परीस लोखंडाचं सोनं करतो आणि थांबतो. मूळ पुस्तकातल्या दगडातून अमृतही निघतं, आणि खलनायकाला नेमकं तेच हवंय, सोनं नकोच आहे. एका शब्दात अर्धी गोष्ट गळाली. तेव्हा सातबेटकर, 'शॅडो'बद्दल घाई करू नका.

---

चार्वाकाची_चुलतबहीण | रविवार, सकाळी १०.१५

कुणाला राग आला तरी विचारते. २०१३ साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. आजही भगताकडे नेऊन पोराला चटके देणारे लोक आहेत. अशा राज्यात आपण मुलांना बसवून 'मंत्र म्हटला की होतं' असं शिकवायचं? मी माझ्या मुलीला परीकथा वाचू देते, कारण त्या उघड खोट्या असतात. ही कादंबरी तर जादूला नियम लावून, गुरुकुल काढून प्रतिष्ठा देते. ते जास्त धोक्याचं नाही का?

---

सातबेटकर | रविवार, दुपारी १.४०

प्रश्न रास्त आहे, राग कशाला येईल? पण तुम्ही पुस्तकातले दोन प्रसंग बघा.

एक. गेड ओजियनबरोबर डोंगर ओलांडून निघालाय. त्याला वाटतंय आता चमत्कार दिसतील. दिसत काहीच नाही. ओजियन एका रानरोपाकडे बोट दाखवून म्हणतो, हे मूळ-पान-फूल-बी सगळ्या ऋतूंत ओळखायला शीक, मग त्याचं खरं नाव कळेल. गेड विचारतो, ह्याचा उपयोग काय? ओजियन उलट विचारतो, तुझा काय उपयोग? माझा तरी काय? त्या रात्री पाऊस येतो. साधा खेड्यातला मांत्रिकसुद्धा मंत्राने ढग शेजाऱ्याकडे ढकलतो, तो पुढच्याकडे, असं करत ढग समुद्रावर जातात. ओजियन पावसाला पडू देतो आणि झाडाखाली गुपचूप झोपतो. गेड शेजारच्या झुडपात रात्रभर भिजत चरफडतो. रोकला गेल्यावर त्याला तोलाचा धडा मिळतो तो हाच, इथला पाऊस वळवला तर तिकडे दुष्काळ पडेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कंबरभर पाण्यातून मी घरी आलोय. त्या दिवशी मला मंत्र येत असता तर मी ढग सरळ ठाण्याला ढकलले असते, ठाणेकरांनी माफ करावं. बाई नेमकं ह्याच मोहावर बोट ठेवतात.

दोन. लो टॉर्निंग नावाच्या गावी मित्राचं लहान मूल तापाने मरायला टेकलंय. गेड जादूने त्याच्या मागे मृत्यूच्या प्रदेशात उतरतो. मूल वाचत नाही. हाच मरता मरता परत येतो, आणि परततो तेव्हा सीमेवर ती काळी गोष्ट ह्याची वाट बघत असते. 'मी बरा करतो' म्हणणाऱ्या भगताची गोष्ट अशी सांगितलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. माझ्या मते हे पुस्तक तुमच्याच बाजूचं आहे.

---

चार्वाकाची_चुलतबहीण | रविवार, दुपारी २.२०

दुसरा प्रसंग मान्य. पहिल्याबद्दल शंका आहेत, पण वाचून मग भांडते. किंडलवर घेतलं.

---

मीठागर | रविवार, संध्याकाळी ६.१०

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ही सगळी बेटं आहेत. मुंबईत बसून वाचताना हे अंगावर यायला हवं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. सातबेटकर, तुमची गॅलरीच एका बेटावर आहे, भराव घालून ते जोडलं म्हणून विसर पडलाय. वरळीच्या खाडीत बांध घातला तेव्हापासून आपण जमिनीवर आहोत असं समजून चालतोय. गेडच्या जगात कुणाला असं विसरता येत नाही. शेजारच्या गावाला जायचं तरी वारा बघावा लागतो. आमच्या घरी अजून बोटी आहेत, त्यामुळे तो होडी चालवतो ती पानं मी दोनदा वाचली. लेखिकेला वारं कळतं.

आणखी एक. गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळाकुट्ट आहे. गोरे आहेत ते कार्गाडचे लुटारू. १९६८ साली अमेरिकेत मुलांच्या पुस्तकात हे करायला छाती लागते, आणि बाईंनी त्याचा गाजावाजाही केला नाही. सहज एखाद्या वाक्यात वर्ण सांगून पुढे जातात. २००४ साली टीव्हीवर मालिका आली तेव्हा नायक गोरा घेतला. त्यावर त्यांनी जाहीरपणे झोडपलं होतं.

---

बारीक_टाइप | रविवार, रात्री ९.५०

आता मूळ मुद्द्यावर येतो. सातबेटकरांचं जन्मनावाचं साम्य मला पटलं नाही.

जन्मनाव येतं नक्षत्राच्या चरणाक्षरावरून. गुरुजी पंचांग बघून अक्षर काढतात. ते पत्रिकेत लिहिलेलं असतं आणि पत्रिका कुठल्याही स्थळाला दाखवतात. ते गुप्त नाही, आणि मुख्य म्हणजे ते कुणाच्या विश्वासावर अवलंबून नाही. माझं जन्मनाव माझ्या हापिसातल्या शिपायाला कळलं तरी माझं काय बिघडणार आहे? बारशाचं तर त्याहून उलटं. आत्या कानात सांगते ते पुढच्याच मिनिटाला पेढ्यांबरोबर वाटलं जातं. अर्थसीत नाव सांगणं म्हणजे मान पुढे करणं.

त्या दृष्टीने पुस्तकातलं सगळ्यात मोठं पान सावली सुटते ते नाही, त्यानंतरचं आहे. गेड महिनोन्महिने अंथरुणात, तोंडावर व्रण, प्रमुख त्याच्यापायी गेलेला, शाळा त्याच्याकडे तिरकी बघतेय. व्हेच शिक्षण संपवून घरी निघालाय. निघताना तो गेडला विचारत काही नाही, समजूत काढत नाही, फक्त स्वतःचं खरं नाव सांगतो. एस्टारिऑल. ज्याने नुकतंच एक भयंकर काम केलंय, ज्याच्यावर कुणी भरवसा ठेवू नये, त्याच्या हातात हा आपला जीव देऊन जातो. मग गेडही आपलं नाव सांगतो. ह्याला आपल्या रूढीत जोड नाही. ओढूनताणून लावू नये.

ही कल्पना बाईंना कुठून सुचली असेल ह्याचा माझा अंदाज आहे, अंदाजच म्हणा. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एक एकटा माणूस जंगलातून बाहेर आला. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा. बाकी सगळे मारले गेलेले. क्रोबरांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस', इतकंच. त्यांच्यात आपलं नाव आपण सांगायचं नसे, आपल्याच माणसाने ओळख करून द्यायची. आणि आपलं माणूस एकही उरलं नव्हतं. १९१६ साली क्षयाने तो गेला तोवर त्याचं खरं नाव कुणाला कळलं नाही. उर्सुला त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मल्या, पण त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबरांनी, १९६१ साली इशीवर पुस्तक लिहिलं. त्या घरात वाढलेल्या मुलीला नाव म्हणजे काय हे पंचांगातून कळायची गरज नव्हती.

---

सातबेटकर | रविवार, रात्री १०.३०

इशीचं माहीत नव्हतं. गप्प बसलोय. जन्मनावाचा मुद्दा मागे घेतो, आजीची हाक मात्र ठेवतो.

---

फास्ट_लोकल | रविवार, रात्री १०.५५

गंभीर चर्चेत माझा एक टोमणा चालवून घ्या. बॉम्बेचं १९९५ ला मुंबई झालं, व्हीटीचं १९९६ ला सीएसटी, २०१७ ला त्यात महाराज आले. एल्फिन्स्टनचं २०१८ ला प्रभादेवी झालं. माझे वडील आजही टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' सांगतात आणि टॅक्सीवाला बरोबर नेतो. मग खरं नाव कुठलं आणि वापरायचं कुठलं?

---

माहेरचा_पत्ता | सोमवार, दुपारी १२.१५

वाचनमात्र असते, आज लिहिते.

बारीक_टाइप म्हणतात आपल्या रूढीत जोड नाही. तुम्ही पुरुषांच्या नावांत शोधताय म्हणून सापडत नाही.

माझ्या आईचं लग्न १९७१ सालचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. तिला आधी विचारलं नव्हतं. सासूने ठरवलेलं. एकोणीस वर्षांचं नाव एका ताटात गेलं, आणि त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार, आमच्याकडे काही वाया घालवत नसत. पुढे रेशनकार्ड, मतदान, बँक, सगळीकडे नवं नाव. आम्हा भावंडांना आईचं आधीचं नाव मी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत ठाऊकही नव्हतं. कळलं कसं, तर तिची शाळेतली मैत्रीण गिरगावातून आली आणि दारातूनच त्या नावाने हाक मारली. आई स्वयंपाकघरातून जशी बाहेर आली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. ते नाव मी इथे लिहीत नाही.

आणि नवऱ्याचं नाव? ते तर उखाण्यात दडवूनच घ्यायचं, एरवी 'अहो', 'इकडून', 'तिकडून'. आता ते सगळं हौसेचं झालंय, पण मुळात ती नावाची भीतीच आहे. बायकांनी दोन्ही बाजूंनी सांभाळली. स्वतःचं पुसलं जातंय आणि त्याचं उच्चारायचं नाही.

एस्टारिऑलचं पान मी काल रात्री वाचलं. मला त्या मावशींचीच आठवण झाली, ज्यांना आईचं खरं नाव ठाऊक होतं आणि त्या ते विसरल्या नव्हत्या.

---

बारीक_टाइप | सोमवार, दुपारी १२.५०

माझं विधान मागे. आभार.

---

चार्वाकाची_चुलतबहीण | सोमवार, रात्री ९.१०

दोन रात्रींत संपवलं. भगताबद्दलची हरकत सोडते. ड्रॅगनचा प्रसंग आवडला. येवॉड नावाचा ड्रॅगन गेडला म्हणतो, तुझ्या मागे जे लागलंय त्याचं नाव मी तुला देतो, सौदा कर. गेडचा सगळा जीव त्यावर टांगलेला आणि तो नाही म्हणतो. त्याऐवजी ड्रॅगनचं नाव वापरून गावाला अभय मिळवतो. अंधश्रद्धेच्या बाजारात नेमका हाच सौदा विकतात, तुझ्या संकटाचं नाव मी सांगतो, किती देतोस?

पण दुसरी हरकत काढते. गाँटमध्ये म्हण आहे, बायकांच्या जादूसारखी कमजोर, बायकांच्या जादूसारखी दुष्ट. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. एक सरेट आहे, ती मोहात पाडायला. व्हेचची बहीण यॅरो गोड आहे, पण चुलीपाशी. आणि मावशी! आपण म्हणतो माय मरो पण मावशी उरो. ती उरली, तिने त्याला पहिला मंत्र दिला, पहिल्यांदा तिनेच ओळखलं की ह्याच्यात काहीतरी आहे. लेखिका मात्र तिला अर्धवट, भोंदू, अडाणी ठरवून पंचवीस पानांत बाद करतात. हे बाईंनी लिहावं?

---

बारीक_टाइप | सोमवार, रात्री ९.४०

ही हरकत पुढे बाईंनी स्वतःच स्वतःवर घेतली. १९९० साली 'तेहानू' लिहून त्यांनी हेच जग बाईच्या, तेही चुलीपाशी बसलेल्या बाईच्या, नजरेने पुन्हा पाहिलं. बावीस वर्षांनी. आपली चूक अशी स्वतःच्याच गाजलेल्या जगात घुसून दुरुस्त करणारे लेखक थोडे.

---

मीठागर | मंगळवार, सकाळी ८.२०

शब्दांचं काय झालं? मूळ प्रश्न तोच होता.

---

सातबेटकर | मंगळवार, रात्री ११.०५

'विझर्ड'चं सांगतो. 'जादूगार' म्हटलं की पोरांना टोपीतून ससा दिसतो. 'मांत्रिक' म्हटलं की लिंबू, बाहुली आणि टाचण्या. एका मुलीने 'जाणता' सुचवला. खेड्यात औषधपाणी करणाऱ्याला जाणता म्हणतातच, आणि इथे सगळी जादू जाणण्याचीच आहे. शब्दाला राजकारणाचा वास लागलाय, पण नऊ वर्षांच्या पोरांना तो येत नाही. घेतला.

'शॅडो'ने मात्र घाम काढला. पहिल्या दिवशी 'सावली' म्हटलं. सावली त्याच्या मागे लागली, असं वाचलं आणि कुणी घाबरेचना. मग ट्यूब पेटली. मे महिना, अंगाची काहिली, ह्यांना सावली म्हणजे सुख! आईची सावली, झाडाची सावली, डोक्यावर सावली धरणं. इंग्रजी शब्द ज्या थंड देशातला, तिथे सावलीत गेलं की हुडहुडी भरते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून 'पडछाया' केलं आणि लगेच गॅलरीत शांतता पसरली.

---

मीठागर | बुधवार, सकाळी ७.५०

'सावली म्हणजे सुख' हे सगळ्यांचं नसतं. पेशवाईत समोरून सवर्ण येत असला तर अस्पृश्यांना रस्ता वापरू देत नसत, का तर त्यांची सावली पडून विटाळ होईल. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या न झालेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. सावलीला मराठीत एवढा मोठा इतिहास आहे. तुम्ही परळला राहता म्हणून सांगतो, तुमच्या गॅलरीतही कुणाच्या तरी पणजोबांनी ते भोगलेलं असेल.

पुस्तक चुकीचं आहे असं म्हणत नाही. उलट ज्या सावलीपासून सगळे अंग चोरतात तिला शेवटी हा मिठी मारतो, हे मला वाचताना वेगळं लागलं. बाईंच्या मनात ते नसणार. पण मराठीत आणलं की ते येणार.

---

सातबेटकर | शुक्रवार, रात्री ११.३०

दोन दिवस उत्तर दिलं नाही. मीठागर, तुमचं खरं आहे, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

आज पुस्तक संपलं. शेवटच्या प्रकरणात गेड आणि व्हेच 'लुकफार' नावाच्या होडीतून नकाशाच्या बाहेर पूर्वेला जातात. समुद्राची वाळू होते. ती गोष्ट समोरून चालत येते, आधी त्याच्या बापासारखी दिसते, मग जॅस्परसारखी. शाळेत त्याला सांगितलं होतं की तिला नाव नाही, म्हणून तिच्यावर सत्ता नाही. गेड तोंड उघडतो आणि तिला हाक मारतो, 'गेड'. त्याच क्षणी तीही तेच म्हणते. दोघांचा आवाज एक. युंग (सावली म्हणजे आपलीच दडवलेली बाजू, असं म्हणणारा मानसशास्त्रज्ञ) वाचलेले लोक इथे माना डोलावतात. बाईंनी युंग हे लिहून झाल्यावर वाचला, आणि मला तर आजीच आठवली. रात्रीच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तिचं बरोबर. पण हाक मारणारे आपणच असलो तर?

मी सबंध आठवडाभर 'पडछाया' वाचत आलो होतो. त्या ओळीवर, ठरवून, 'सावली' म्हटलं. त्याने हातातली काठी टाकली आणि सावलीला मिठी मारली. कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही शब्द लागतात, आणि बदल नेमका तिथेच करायला लागतो. इंग्रजीत ही सोय नाही, हे त्यांचं नुकसान.

मग दहा वर्षांची एक पोरगी म्हणाली, "मावशीचं नाव काय?"

पुस्तक चाळलं. नाही. ह्या पुस्तकात शेळ्या हाकायच्या मंत्राचे शब्द दिलेत, ड्रॅगनचं नाव दिलंय, गेडच्या खांद्यावरच्या छोट्या प्राण्याचं नाव दिलंय, होडीचं दिलंय. मावशीला नाव नाही, आईलाही नाही. एक पोरगा म्हणाला, "मावशीला मावशीच म्हणतात, नाव कशाला?" त्यावर ती म्हणाली, "पण नदीत जायच्या आधी त्याचं डनी नाव काढून घेतलं ते तिनेच ना? मग तिचं कुणी काढून घेतलं?"

उद्या सांगतो म्हटलं. म्हणजे उद्यापासून दुसरा भाग लावतोय, 'द टूम्ब्स ऑफ अ‍ॅटुआन', १९७१ चा. त्यात पाच-सहा वर्षांच्या एका मुलीला देवळात नेतात आणि पहिलं काम करतात ते तिचं नाव काढून घेण्याचं. पुढे गेड तिथे येतो आणि ते तिला परत सांगतो.

---

माहेरचा_पत्ता | शुक्रवार, रात्री ११.५०

ते परत सांगतो त्या दिवशी आधी कळवा. आईला घेऊन येते. तिला गुडघ्यामुळे जिना जमत नाही, चाळीत तळमजल्यावर बसायची सोय होईल का?

---

सातबेटकर | शनिवार, सकाळी ६.४०

होईल. गॅलरीच खाली आणतो.